दोन लाख लिटर

शिलाईच्या खोलीत त्या रविवारी दुपारी सत्तेचाळीस नग टांगलेले होते: बावीस पँटी, अकरा शर्ट, नऊ कोट, चार झगे आणि एक पडदा. भिंतीला टेकून कापडाचे सहा तागे उभे होते. शिलाई मशीन दोन, त्यातलं एक बिघडलेलं. स्टुलं दोन. टेबल एक, त्यावर जुना लोकरी पायमोजा चढवलेला मायक्रोफोन एक, आणि मायक्रोफोनच्या अलीकडे-पलीकडे गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या नणंद आणि भावजय.

मोजणारी अर्थातच नणंद. विज्ञानाची पदवी घेऊन दोन वर्षं झालेली, वजनं आणि वजनकाटे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी, आणि दिसेल ते मोजायची खोड. जिन्याला पायऱ्या किती, नळाखाली बादली भरायला सेकंद किती, दादा एका वाक्यात ‘म्हणजे’ किती वेळा म्हणतो, सगळं तिच्याकडे तयार. वहिनी लग्न होऊन घरात आली तेव्हा चौथ्याच दिवशी तिनं हिचं नाव ‘मोजपट्टी’ ठेवलं, आणि ते चिकटलं. “माझ्या गळ्यातली निदान संध्याकाळी काढून ठेवता येते,” वहिनी म्हणायची, “ही दुसरी गळ्यात पडली ती पडलीच.”

पण टांगलेले कपडे मोजणं ही खोड नव्हती, ते काम होतं. वहिनीची ती खोली म्हणजे कपडे मापात आणून द्यायचं दुकान. रस्त्याकडे दार, पाठीमागे घर. खोलीत कपडे भरपूर असले की आवाज भिंतीवर आपटून परत येत नाही, कापडात जिरतो. चाळीसच्या वर नग असले तर रेकॉर्डिंग चांगलं, तीसच्या खाली गेले तर डब्यात बसून बोलल्यासारखं, हे मोजपट्टीनं पहिल्या सात भागांवरून काढलं होतं. तेव्हापासून वहिनी शनिवारी कुणालाच तयार कपडा देत नसे. “काज राहिलंय,” सांगायची. पडदा टाकून गेलेल्या माणसालाही तिनं काल तेच सांगितलं, आणि तो मान डोलावून परत गेला.

पॉडकास्टचं नाव होतं ‘शंभराच्या आत’. मूळ कारण वहिनीचे कान. दिवसभर मशीनवर बसायचं तर कानात काहीतरी हवं, आणि फोनमधलं ॲप तिला फिरून फिरून तीच वीस गाणी वाजवून दाखवायचं. एकदा तुम्हाला अमुक आवडलं की आयुष्यभर त्याचेच मावसभाऊ पाठवत राहायचे, अशी त्याची रीत. कंटाळून तिनं नणंदेला कामाला लावलं. मोजपट्टीनं एक साइट शोधली, जिथं हौशी माणसं आपापलं संगीत टाकतात आणि प्रत्येक रेकॉर्डिंगखाली ते किती वेळा ऐकलं गेलं तो आकडा दिसतो. सगळे ती यादी वरून बघतात. हिनं ती उलटी लावली आणि खालून सुरुवात केली.

खाली काय नव्हतं! दहातली आठ रेकॉर्डिंगं अशी, की टाकणाऱ्याच्या आईनंही पुरती ऐकली नसतील. पण उरलेल्या दोनांसाठी जीव अडकायचा. एका निवृत्त शिक्षिकेनं काचेच्या सात बरण्यांत कमी-जास्त पाणी भरून वाजवलेली धून. सायकलच्या आऱ्यांवर बोटं फिरवणारे दोघे भाऊ. असं काही सापडलं की मोजपट्टी कलाकाराला ईमेलनं पत्र लिहून परवानगी मागायची, आणि दर पंधरवड्याला दोघी मिळून अर्ध्या तासाचा भाग करायच्या. शंभरपेक्षा जास्त वेळा ऐकलं गेलेलं काही घ्यायचं नाही, हा एकच नियम. भागात त्यातलं फक्त दीड मिनिट वाजवायचं. पुढचं ऐकायचं असेल त्यानं खालच्या दुव्यावरून मूळ जागी जावं. शोधायचं मोजपट्टीनं, ठरवायचं वहिनीनं. दादा काहीच करत नसे, पण लॅपटॉप त्याचा असल्यामुळे स्वतःला निर्माता म्हणवून घ्यायचा.

अकरा भाग झाले होते. नियमानं ऐकणारी माणसं चौतीस.

आजचा बारावा, आणि त्यात एकच कलाकार. तो साइटवर ‘टाकीतला’ या नावानं होता. अठरा दिवसांपूर्वी मोजपट्टीला तो सापडला, दुपारच्या सुट्टीत, प्रयोगशाळेच्या जिन्यात. त्याची तीनच रेकॉर्डिंगं होती आणि त्यांची नावं कुणी यंत्रसामग्रीच्या यादीतून उचलल्यासारखी: ‘पाच हजार लिटर’, ‘वीस हजार लिटर’, ‘दोन लाख लिटर’. तिसऱ्यासमोर आकडा होता सहा. तिनं ते लावलं. क्लॅरिनेटचा एक सूर आला आणि गेला नाही. त्याच्यावर दुसरा आला, तोही गेला नाही. वाजवणारा घाई करत नव्हता; एक सूर सोडायचा, तो भिंतीभिंतीला भेटून कसा परत येतोय ते बघायचा आणि मग त्याच्याशी जुळेल असा पुढचा ठेवायचा. माणूस एक, वाद्य एक, पण चार-पाच जण सावकाश बोलत बसलेत असं वाटत होतं. शेवटचा सूर तर इतका हळू विरत गेला की तो संपला कधी हे तिला सांगता येईना. तिला सांगता येत नाही अशी गोष्ट म्हणजे तिच्या डोक्याला भुंगाच.

पत्रातून उलगडा झाला. तो आणि त्याच्या बहिणीचा नवरा इमारतींच्या पाण्याच्या टाक्या धुण्याचं काम घेत. टाकी रिकामी करायची, घासायची, धुवायची, वाळवायची, मग पाणी सोडायचं. वाळवणं आणि पाणी सोडणं यांच्या मध्ये तासभर टाकी स्वच्छ आणि मोकळी असते. भाऊजी वर झाकणापाशी बसून डबा खायचे, आणि हा वाद्य पाठीला बांधून शिडीनं खाली उतरायचा. टाकी जितकी मोठी तितका सूर जास्त वेळ थांबतो. दोन लाख लिटरची टाकी वर्षातून दोनदाच मिळते, असं त्यानं लिहिलं होतं. परवानगी लगेच दिली, आणि पुढच्या आठवड्यात चाळीस हजारांची एक आहे, तिच्यातलं आधी तुम्हालाच पाठवतो, असंही.

दुसरं पत्र त्याच रविवारी सकाळी आलेलं. रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी मोजपट्टीनं ते वहिनीला वाचून दाखवलं.

टाकीवाल्याला शहराच्या पाणी कंपनीत कायमची नोकरी देऊ केली होती. काम पंपघरातल्या खोलीत, पडद्यावर आकडे बघायचं. टाक्यांत उतरायचं नाही. महिनाअखेरीपर्यंत उत्तर द्यायचं होतं. त्यानं लिहिलं होतं की तो हो म्हणणारच होता, बायकोला तसं सांगूनही झालं होतं. वर्षभर वाजवून टाकलं, कुणी ढुंकून बघितलं नाही, तेव्हा आता पुरे. आणि मग या दोन आठवड्यांत आकडा सहावरून एकाहत्तरावर गेला. रोज सकाळी उठून तो बघत होता. एका दिवशी चार, एका दिवशी सात. कोण आहेत माहीत नाही, पण कुणीतरी आहेत. आता टाक्या सोडवत नाहीत. उद्या कंपनीला नाही म्हणून कळवणार आहे. हे तुम्हाला सांगावंसं वाटलं.

“बघ,” वहिनी म्हणाली. तिला इतका आनंद झाला की हातातली कात्री खाली ठेवली. “आपण अजून वाजवलंही नाही तर एकाहत्तर. वाजवल्यावर काय होईल?”

मोजपट्टीनं फोन काढला, साइटवरचं ‘तुम्ही ऐकलेलं’ हे पान उघडलं आणि बोट वर सरकवत राहिली. वहिनीला आधी वाटलं काही शोधतेय. मग तिच्या ओठांची हालचाल दिसली. मोजत होती.

प्रयोगशाळेत तपासायला आलेलं वजन लगेच तोलत नाहीत. ते खोलीच्या तापमानाला येईपर्यंत चार-चार तास थांबावं लागतं, आणि त्या वेळात नोंदी उतरवायच्या असतात. त्या तासांत तिच्या कानात ‘दोन लाख लिटर’ चालू असायचं. उतरवून घ्यायची सोय त्यानं ठेवली नव्हती, म्हणून दर वेळी साइटवरूनच. शेवटचा सूर कुठं संपतो ते तिला पकडायचं होतं. संपलं की पुन्हा. आणि वजनाला उघड्या हातानं शिवायचं नाही, बोटाचा तेलकटपणा लागला तरी आकडा बदलतो, हा धडा ती नवीन येणाऱ्या प्रत्येकाला जरा तोऱ्यातच द्यायची.

“अठ्ठावन्न,” ती म्हणाली.

“काय अठ्ठावन्न?”

“माझे. एकाहत्तरातून आधीचे सहा काढ. पासष्ट. त्यातले अठ्ठावन्न माझे. तू किती वेळा ऐकलंस?”

वहिनीनं आठवलं. चार. दोनदा पँटी दुमडताना, दोनदा ठरवताना.

“मग उरले तीन,” मोजपट्टी म्हणाली.

वहिनीनं बाजू लावून धरली, आणि ती काही लेचीपेची नव्हती. बटण दाबून पळाली असतीस तर गोष्ट वेगळी, तिनं सांगितलं, पण तू बसून ऐकलंस ना, प्रत्येक वेळी? मग अठ्ठावन्न म्हणजे अठ्ठावन्नच. “मी एकाच माणसाच्या अठ्ठावन्न पँटी शिवल्या तर अठ्ठावन्नच शिवल्या म्हणते.”

“म्हण की. पण गावात अठ्ठावन्न माणसं पँट घालून फिरतायत असं तर नाही ना म्हणत?”

वहिनीला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून राग आला. तिनं दुसरा धागा ओढला. हे त्याला सांगितलंस तर तो काय करेल? सगळी रेकॉर्डिंगं काढून टाकेल. आजचा भाग गेला, चाळीस हजार लिटरची टाकी गेली. बिचारा एवढा खूश आहे, त्याच्या तोंडचा घास काढायची तुला घाई कसली?

घोडं तिथंच अडत होतं. चाळीस हजारांची टाकी मोजपट्टीलाही हवी होती. नोकरी घेतली तर टाक्या नाहीत, टाक्या नाहीत तर सूर नाहीत. तो नाही म्हणाला तर फायदा तिचाच होता. म्हणूनच गप्प बसणं तिला जमेना.

तेवढ्यात चार्जर शोधायला दादा आत आला. दोघींची तोंडं बघून त्यानं विचारलं, आणि त्याला सगळं सांगावं लागलं. त्यानं डोकं खाजवलं. “म्हणजे, तुम्ही त्याची नोकरी घालवली म्हणजे,” तो म्हणाला, आणि चार्जर न घेताच निघून गेला.

पत्रात नंबर होता. मोजपट्टीनं लावला. तो कुठल्यातरी गच्चीवर होता. वाऱ्याचा आवाज येत होता आणि मागं कुणीतरी बादली ओढत होतं. ‘शंभराच्या आत’वाली म्हटल्यावर त्याचा आवाज एकदम खुलला. ताई, ताई करत बोलायला लागला. ती त्याला थांबवून, एका दमात, आकडे जसेच्या तसे सांगून मोकळी झाली.

“सगळे तुम्हीच?” त्यानं विचारलं.

“अठ्ठावन्न मी. चार माझी वहिनी. तीन कुणाचे ते मला माहीत नाही.”

“ते माझे,” तो म्हणाला. “आकडा चालतोय का ते बघायला लावलं होतं.”

बादली ओढणं थांबलं होतं. भाऊजी ऐकत असणार.

“अठ्ठावन्न वेळा कशाला ऐकलंत, ताई?”

शेवटचा सूर संपतो कुठं ते सापडत नव्हतं म्हणून, असं तिनं सांगितलं. कधी आठ सेकंद वाटायचे, कधी दहा. खोलीत पंखा असला की सात.

“म्हणजे आवडलं म्हणून नाही.”

“आवडलं म्हणूनच. न आवडलेलं मी मोजत नाही.”

“खोटं बोलतेय,” वहिनी मागून मोठ्यानं म्हणाली, “ती सगळंच मोजते.”

पलीकडे तो हसला. मग सरळ आवाजात म्हणाला की चला, सोपं झालं. उद्या ‘नाही’ कळवणार होतो, आता ‘हो’ कळवतो. रागावला नव्हता, आणि तेच जास्त लागलं. तिनं फोन ठेवायला हवा होता. सांगायचं ते सांगून झालं होतं. पण तिच्या डोक्यात एक गोष्ट बसत नव्हती.

“तुम्ही शून्य धरताय,” ती म्हणाली. “शून्य निघालेलं नाही. माणसांना माहीतच नव्हतं तर ती ऐकणार कुठून? जे मोजलंच नाही त्याला शून्य म्हणत नाहीत.”

“मग काय म्हणतात?”

“मोजायचं राहिलंय म्हणतात. तीस तारखेपर्यंत मुदत आहे ना? नऊ दिवस द्या.”

त्यानं खरं काय ते सांगितलं. मन दोन्हीकडे सारखंच आहे. भाऊजींबरोबरचं काम आहेच, उपाशी कुणी मरत नाही. पण पंपघर म्हणजे पगार ठरल्या तारखेला, पाठ शाबूत आणि बायको निश्चिंत. सारखं वजन झालं की माणूस नाणं उडवतो. तुमचं मोजणं नाण्यापेक्षा बरं असेल तर करा.

मोजपट्टीनं अट घातली की किती आले म्हणजे पुरेसे, हे त्यानं आत्ताच सांगायचं. आकडा बघून मग रेघ ओढायची नाही.

“दहा,” तो म्हणाला. “तुमचं घर सोडून, माझं घर सोडून, दहा माणसं. पाच हजारांच्या टाकीत दाटीवाटीनं दहा बसतात. तेवढी भरली तर मी टाक्या सोडत नाही.”

“तीस तारखेला सकाळी सात वाजता आकडा देते. त्याआधी विचारायचं नाही.”

आता साइटवरचा आकडा तर उपयोगाचा नव्हता. एकच माणूस किती वेळा ऐकतो ते त्यात कळत नाही, याचं उदाहरण खोलीतच बसलं होतं. मोजपट्टीला माणसं मोजायची होती, आणि तीही शेवटपर्यंत ऐकलेली. तिनं स्टुलावर बसून कागदावर दोन-तीन गोष्टी खरडल्या, खोडल्या, आणि मग मायक्रोफोन सुरू केला.

वहिनीनं टाकीवाल्याची ओळख करून दिली. काही माणसं ढगाला हात लावतात, हा जमिनीखाली जाऊन वाजवतो, वगैरे. दीड मिनिट वाजवलं. मग मोजपट्टी म्हणाली की पुढचं मूळ जागी जाऊन ऐका, आणि एक काम करा. शेवटचा सूर सुटला की मनात सेकंद मोजायला लागा. तो तुमच्या कानाला ऐकू येईनासा झाला की थांबा. जो आकडा येईल तो आम्हाला लिहून पाठवा. बरोबर-चूक काही नाही. तुमच्या कानाचा आकडा. कशासाठी हवाय ते तिनं सांगितलं नाही. नोकरीचं कळलं असतं तर लोकांनी दयेपोटी लिहिलं असतं, आणि दया तिला मोजायची नव्हती.

“लोकांना गृहपाठ देणारं हे पहिलंच पॉडकास्ट असेल,” मायक्रोफोन बंद झाल्यावर वहिनी म्हणाली.

सोमवारी सकाळी भाग प्रसिद्ध झाला. सोमवारी एकही उत्तर नाही. मंगळवारी एक: नऊ. बुधवारी बरण्यांवाल्या शिक्षिकेचं पत्र आलं. आठ सेकंद, आणि खाली लिहिलेलं, की मी खिडक्या लावून ऐकलं, पण माझे कान एकाहत्तर वर्षांचे आहेत हे लक्षात घ्यावं. एकानं सात लिहिलं. गुरुवारी एकाचं दहा आलं, आणि एकानं कळवलं की आठ, पण मध्ये कुत्रं भुंकलं म्हणून परत ऐकलं, तरी आठच. मुलीला पोहायला सोडून बाकावर बसलेल्या एका बाईनं नऊ लिहिलं. तिनं कधी इतका वेळ एका सुराकडे लक्ष दिलं नव्हतं, असंही.

मोजपट्टीनं प्रयोगशाळेत ‘दोन लाख लिटर’ एकदाही लावलं नाही. वजनं गार होत बसली, आणि ती त्यांच्याकडे बघत बसली.

शुक्रवारपर्यंत सात उत्तरं झाली होती. शनिवारी आठवं आलं. रविवारी दुपारी साडेआठ सेकंदांचं एक उत्तर आलं, एका अनोळखी माणसाचं. खाली ओळ होती: ‘कृपया आता माझा कोट द्यावा.’

मोजपट्टी पत्र घेऊन शिलाईच्या खोलीत गेली. वहिनीनं तोंडातल्या टाचण्या सावकाश काढल्या.

“गिऱ्हाईक आहे,” ती म्हणाली. “नातेवाईक नाही. अट नातेवाइकांची होती.”

“त्यानं आपणहून ऐकलं?”

“कोटासाठी ऐकलं. पण शेवटपर्यंत ऐकलं. इथंच, त्या स्टुलावर बसून. जाताना बरं होतं म्हणाला.”

मोजपट्टीनं वहीतलं ते उत्तर खोडलं. वहिनीनं मशीन जरा जोरात चालवलं. त्याच संध्याकाळी टाकीवाल्याच्या बायकोचं उत्तर आलं. तिनं आपण कोण ते आधीच लिहिलं होतं, धरू नका पण पाठवते म्हणून. सात. तेही खोडलं.

सोमवारी, एकोणतीस तारखेला, दुपारी नववं आलं. टाकीवाल्याचा निरोप आला: ‘किती?’ तिनं लिहिलं: ‘उद्या सातला.’

संध्याकाळी सहाच्या सुमारास दहावं आलं. वहिनी कपडे खुंटीला लावत होती; तिनं मोजपट्टीच्या खांद्यावरून वाकून बघितलं आणि तिचा खांदाच दाबला. पत्ता अनोळखी. मजकूर असा: ‘म्हणजे मी ऐकलं. म्हणजे नीट ऐकलं. साधारण नऊ सेकंद म्हणजे.’

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. आतल्या खोलीत दादा वर्तमानपत्र वाचत होता, आणि ते त्यानं बराच वेळ उलटलं नव्हतं.

“कुणाला कळणार आहे?” वहिनी हळूच म्हणाली. ती चिडली नव्हती, विनवत होती. “नऊ आणि दहात काय फरक आहे, सांग. एक माणूस. आणि यानंही शेवटपर्यंत ऐकलंय, मला माहितीय, सकाळी बाथरूममधून येत होतं ते. त्या माणसाचं सगळं आयुष्य आहे गं पलीकडे.”

“म्हणूनच,” मोजपट्टी म्हणाली.

तिनं पेन उचललं. ते बराच वेळ हातात राहिलं. चाळीस हजार लिटरची टाकी परवा धुवून झाली असणार, तासभर मोकळीही राहिली असणार, आणि तो खाली उतरला की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. विचारायचं नाही असं ठरलं होतं. तिनंच ठरवलं होतं. मग तिनं दादाच्या ओळीवर सरळ रेघ मारली आणि वही मिटली. जेवताना दादानं एकदाही ‘म्हणजे’ म्हटलं नाही.

तीस तारखेला ती साडेसहाला उठली. वहिनी तिच्या आधी उठून दुकानाचं दार उघडून झाडत होती. ईमेलच्या पेटीत दोन नवीन उत्तरं होती. एक बसचालकाचं, पहाटेच्या पहिल्या फेरीआधी रिकाम्या बसमध्ये ऐकलेलं: सहा, इंजिन बंद ठेवून. दुसरं एका माणसाचं, ज्यानं नाव, गाव, काहीच दिलं नव्हतं. नुसता आकडा, बारा. तिनं दोन्ही पत्ते दादाला दाखवले. त्याचे नव्हते, तो शपथेवर म्हणाला. वहिनीला दाखवले. तिनं झाडू बाजूला ठेवून नीट बघितलं आणि मान हलवली; तिचीही गिऱ्हाईकं नव्हती.

मोजपट्टीनं बेरीज दोनदा केली, एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर. सात वाजता तिनं टाकीवाल्याला लिहिलं:

‘एकूण उत्तरं चौदा. खोडलेली तीन: माझा भाऊ, तुमच्या घरून एक, कोटासाठी ऐकलेलं एक. उरलेली माणसं अकरा. शेवटचा सूर कमीत कमी सहा सेकंद, जास्तीत जास्त बारा. सरासरी आठ पूर्णांक आठ सेकंद.’